मॅकारोव्हचं 9 एमएम आणि आपलं 9 एमएम

यावलच्या एका पोराने विचारलंय की रशियाचं मॅकारोव्ह पिस्तूल म्हणजे जर्मन वाल्थरची नक्कल ना? आणि दोन्हीकडे 9 एमएम, तर आपल्या लष्करातल्या पिस्तुलाच्या गोळ्या त्यात चालतील का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो भो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. नाही चालणार. फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून माझी वीस वर्षं गेली. आपलं 9 एमएम म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचं. त्याच्या राउंडची (अख्ख्या काडतुसाची) केस, म्हणजे दारू भरायचं पितळी नळकांडं, 19 मिलिमीटर लांब, मॅकारोव्हची 18. पूर्ण राउंड धरला तर आपला जवळजवळ 30 मिलिमीटर, त्यांचा 25. म्हणजे मॅगझिनमध्येच, राउंड भरायच्या पेटीतच, बसणार नाही, पुढचं सोडाच.

गंमत पुढे आहे. मॅकारोव्हची गोळी आखूड राउंडची, पण जाडीला जास्त : साधारण 9.27 मिलिमीटर. आपली 9.02. मग दोन्ही 9 कशा? नळीच्या आत पेच असतात, खाचा आणि त्यांच्यामधले उंचवटे. रशियन लोक उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत मोजतात, म्हणून त्यांचं 9 भरतं; आपलं माप खाचेपासून खाचेपर्यंतचं. केळी घेताना कोणी दांड्यासकट तोलतो, कोणी दांडा काढून, तसलाच प्रकार. आपल्याकडे पेपरात गावठी कट्टा पकडल्याची बातमी आली की बिनधास्त ‘9 एमएम’ छापतात, त्यावर तर बोलायलाच नको.

आता ही ना फार जोरदार, ना फार हलकी अशी मधलीच गोळी कशाला? आधी सोव्हिएत अधिकाऱ्यांकडे टोकारेव्ह होतं. 7.62 ची जोरदार गोळी, पण पिस्तूल लांब आणि वेगळी सेफ्टी नाही, घोडा अर्धा चढवून ठेवायचा एवढंच. महायुद्धात दिसलं की खरी लढाई रायफल आणि सबमशीनगन करतात. अधिकाऱ्याच्या, रणगाड्यातल्या माणसाच्या कमरेला छोटं, भरोशाचं हत्यार पुरे. निकोलाय मॅकारोव्हचं पिस्तूल 1951 मध्ये स्वीकारलं : वजन सुमारे 730 ग्रॅम, लांबी 16 सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये 8 राउंड.

टोकारेव्ह आणि हाय-पॉवरमध्ये गोळी सुटताना नळी आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकलेली असतात, दाराला कडी असते तशी. मॅकारोव्हला कडीच नाही. मळ्यातल्या खोलीचं जड दार डोळ्यापुढे आण : धक्का बसला तरी ते हलायला वेळ लागतो, तेवढ्यात गोळी नळीबाहेर गेलेली असते. दार धरून ठेवतं ते फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग. म्हणून नळी फ्रेममध्ये पक्की बसवता येते, भाग कमी लागतात. पण गोळीचा जोर वाढवला की दारही जड करावं लागतं, मग छोटं पिस्तूल कसलं? खिशात मावेल आणि फौजेलाही चालेल, याची हद्द त्या 18 मिलिमीटरच्या केसपाशी येते.

बिनकडीची ही पद्धत, नळीभोवती गुंडाळलेली स्प्रिंग आणि ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचं कडं) खाली ओढून खोलायची रीत 1929 च्या वाल्थर पीपीमध्ये आधीच होती. तिथवर तू बरोबर आहेस. पण पिस्तुलाची मूठ खोलली की मॅकारोव्हचं डोकं दिसतं. आत एकच चपटी स्प्रिंग. तीच घोड्याला जोर देते, चापाला परत आणते, आणि तिचंच खालचं टोक मॅगझिन अडवून धरतं. तीन कामं, एक पट्टी. मी पहिल्यांदा खोललं तेव्हा एखादा भाग हरवला की काय म्हणून टेबलाखाली शोधत होतो.

त्याचा तोटाही आहेच. मॅगझिन काढायला दुसरा हात लागतो, बदलायला वेळ जातो. बदली म्हणून 2003 मध्ये रशियाने 17 राउंडचं यारीगिन पिस्तूल घेतलं. त्यात गोळी कुठली, तर आपल्यासारखीच 19 मिलिमीटरची. तरी मॅकारोव्ह गेलं नाही.

आणि ‘नक्कल’ म्हणणाऱ्याने दोन्हींचा सेफ्टीचा खटका बघावा. वाल्थरमध्ये खाली केला की पिस्तूल सेफ, मॅकारोव्हमध्ये वर केला की. वाल्थरची सवय असलेला माणूस मॅकारोव्हवर तोच अंगठा फिरवून निर्धास्त होईल, आणि पिस्तूल मात्र झाडायला तयार.