पहिला केग घेताना

अरे, केग म्हणजे बिअर-सोडा भरून गॅसच्या दाबानं नळातून काढायचा पिंप. पण आधी केग नको, रेग्युलेटर बघ, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह. पैसे घालायचे तर तिथं घाल. माझा पहिला स्वस्तातला होता. रात्रभर दाब चढत गेला आणि सकाळी नळातून नुसता फेस. दाब दाखवणाऱ्या दोन घड्याळांचा, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलाच घे.

केग १९ लिटरचा, स्टीलचा, बॉल लॉकचा, म्हणजे नळ्या दाबून अडकवायच्या जोडाचा. जुना चालतो, पण रबरी रिंगा सगळ्या नव्या घाल. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघ.

गॅसचं नीट ऐक. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, फाउंड्रीमुळं कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, पण तो पिण्यासाठी नव्हे. फूड ग्रेडच माग, सिलिंडरवरची टेस्टची तारीख वाच. सिलिंडर उभाच ठेवायचा, साखळीनं बांधून, आणि बंद खोलीत तर अजिबात नको. गळती झाली तर जीव गुदमरतो.

बिअरला अबकारी परवाना लागतो, तो नसताना करू नकोस. हाच सेट आल्याच्या सोड्याला, कोकमाला चालतो. फरक एवढाच, ४ अंशांला बिअरला १०-१२ पीएसआय (दाबाचं माप) पुरतो, सोड्याला २५-३० लागतो, म्हणून फेस आवरायला नळीही लांब घे, सहा-सात मीटर. फ्रीज मात्र हवाच, आपल्या बेळगावच्या थंडीवर भागत नाही.