मॅनहोलचं झाकण आणि प्रभामंडल

प्रश्न : सलाम, मास्तर. माझी लेक इथंच फाइन आर्ट्सला शेवटच्या वर्षाला आहे. गुड फ्रायडेसाठी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघानं तिच्याकडे चित्र मागितलं. तिनं गटारातून वर ओढून काढलेला कामगार रंगवला. कमरेला दोर, अंगभर काळा चिखल, तळहातांवर खिळ्यांचे व्रण आणि डोक्यामागे मॅनहोलचं लोखंडी झाकण. पंच म्हणतात, हा प्रभूचा अपमान. एकानं तर पोलिसांत अर्ज देऊ म्हणून दम भरला. बाकीचे म्हणतात, आपण मूठभर, उगाच कोणाच्या डोळ्यावर कशाला यायचं? लेकीला चित्र परत घे म्हणू का?
— एक आई, फत्तेगंज, वडोदरा

उत्तर : ताई, सलाम. असं अजिबात म्हणू नका.

पंचांच्या मनात जो 'खरा' येशू आहे, तो बहुधा व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या छोट्या खोलीतल्या, तसबिरीतला असणार. सोनेरी उजेड, मऊ तपकिरी केस, नजर किंचित बाजूला. ते चित्र शिकागोच्या वॉर्नर सॉलमन यांनी 1940 मध्ये रंगवलं आणि त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यावजा फळीवरही तेच होतं. माझा त्याच्यावर राग नाही. पण नासरेथच्या सुताराला त्या चित्रकारानंही पाहिलं नव्हतं. बायबलातल्या यशयाच्या 53व्या अध्यायात तर त्या दुःखी सेवकाला ना रूप, ना शोभा. लोक त्याच्यापासून तोंड फिरवतात. तुमच्या लेकीचं चित्र पाहून पंचांनी नेमकं तेच केलं!

आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकारालाही हे भोगावं लागलं. आपल्या वडोदऱ्याच्या कीर्तिमंदिरात ज्यांची भित्तिचित्रं आहेत, ते नंदलाल बोस शांतिनिकेतनात कलागुरू होते. फोन्सेका तिथं शिकला. त्यानं मरियेला साडी नेसवली तर गोव्यातल्या धर्मश्रेष्ठींच्या कपाळाला आठ्या. शेवटी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमानं त्याला आसरा दिला. इकडे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताचं कीर्तन केलं, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगितलं, आणि त्यांची पदं आपण दर रविवारी हार्मोनियमवर गातो. कानांना चाललं ते डोळ्यांना का खुपावं?

दर रविवारी उभं राहून आपण विश्वासाच्या कबुलीत म्हणतो, ख्रिस्त अधोलोकात उतरला. या देशात तिथं रोज कोण उतरतं, हे लेकीनं दाखवलं. हातानं मैला साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी माणसं गुदमरून मरतात आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली. यात राजकारण आहे म्हणता? आहेच. रोमी सुभेदार पिलातासमोरचा येशूचा खटला तरी दुसरं काय होता?

पोलिसांचं नाव काढणाऱ्या पंचांना मे 2007 ची आठवण द्या. याच फाइन आर्ट्समध्ये परीक्षेला मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली, पुढं प्रभारी डीनही निलंबित झाले. आक्षेप घेणाऱ्यांत आपली ख्रिस्ती माणसंही होती, हे मला अजून सलतं. धर्मभावना दुखावण्याचं कलम, जुन्या दंड संहितेतलं 295 अ आणि आताच्या न्याय संहितेतलं 299, जाणूनबुजून दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानासाठी आहे. आज आपण ते लेकीवर लावलं, तर उद्या आपल्या नाताळच्या नाटिकेवर कोणी लावलं की ओरडायला तोंड उरणार नाही.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणून एकच टीप. झाकणाचं प्रभामंडल अप्रतिम सुचलंय. खिळ्यांचे व्रण मात्र पुसायला सांगा, झाकणानं सगळं सांगून झालंय. आणि वेदीमागच्या भिंतीचा हट्ट नको. हॉलमध्ये लावा, खाली लेकीनं दोन ओळी लिहाव्यात आणि तिथं स्वतः उभं राहावं.

प्रश्न : निवडणुकीच्या तोंडावर एक उमेदवार आमच्या उपासनेला येणार आहेत. त्यांना पुढं बसवून हार घालावा का?
— मंडळीचा सेक्रेटरी, इंदूर

उत्तर : बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पंचांसमोर मोठ्यानं वाचा, सोन्याची अंगठी घालून सभेत आलेल्या माणसाला मानाची जागा देणाऱ्यांना खडसावणारा. उमेदवाराला जागा मिळेल तिथं बसू द्या, चहा सगळ्यांबरोबर द्या. माइक देऊ नका.