डेझर्टेशन असं करायचंय, की वॉर्डात काही बदलेल

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. डेझर्टेशनसाठी, म्हणजे पदवीच्या प्रबंधासाठी, आमच्याकडे बहुतेक जण एक शिकवणी घेतात आणि तिच्या आधी व नंतर प्रश्नावली भरून घेतात. मला वॉर्डात खरोखर सुधारणा होईल असं काम करायचं आहे. मेडिकल वॉर्डात इंट्राकॅथ (सलाईन-औषधं देण्यासाठी शिरेत ठेवलेली नळी) लावलेले हात सुजण्याचं प्रमाण खूप दिसतं. हा विषय एकटीला झेपेल का? पुढे नोकरीत त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : विषय चांगला आहे आणि एकटीला झेपणाराही आहे. फक्त सिस्टरांना किती माहिती आहे हे मोजत बसू नका, रुग्णाच्या हाताला काय होतं ते मोजा. शिकवणीनंतर प्रश्नावलीतले गुण वाढतातच. पण कोपराच्या घडीत इंट्राकॅथ लागतो तो बहुतेक वेळा अज्ञानामुळे नाही. नाईटला एकट्या सिस्टरवर सगळा वॉर्ड असतो, ट्रेमधले गुलाबी आणि निळे (बारीक) इंट्राकॅथ संपलेले असतात, हिरवा (जाड) तेवढा उरलेला असतो आणि मोठी शीर कोपरातच सापडते. प्रश्नावलीत यातलं काहीच दिसत नाही.

मोजायला व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस स्केल, म्हणजे व्हीआयपी स्कोअर वापरा. तो ० ते ५ असा असतो. वेदना, लाली, सूज यांपैकी दोन लक्षणं दिसली की स्कोअर २ होतो. तिथून पुढे फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह, धरायचा आणि इंट्राकॅथ काढायचा. टक्केवारी रुग्णांवर काढू नका, इंट्राकॅथवर काढा, कारण एकाच रुग्णाला तीन लागलेले असू शकतात. रोज ठरलेल्या वेळी एकदा आणि काढताना एकदा बघा. काढल्यानंतर ४८ तासांपर्यंतही शीर सुजू शकते, म्हणून रुग्ण वॉर्डात असेल तर तेही तपासा. सुरुवातीला वीसेक हात दुसऱ्या एका सिस्टरसोबत वेगवेगळे तपासून दोघींचे स्कोअर जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर पुढचे सगळे आकडे वाया जातील.

पहिले ३० दिवस वॉर्डाच्या पद्धतीत काही बदलू नका. मात्र स्कोअर २ दिसला की ड्युटीवरच्या सिस्टरना लगेच सांगा; मोजणी चालू आहे म्हणून रुग्णाला तसंच ठेवायचं नाही. प्रत्येक इंट्राकॅथसाठी एकच ओळ लिहा : कोणत्या रंगाचा, कुठे लावला, कॅज्युअल्टीत की वॉर्डात, सिस्टरनी की इंटर्ननी, कोणती औषधं गेली, किती तास राहिला. खरं कारण या तक्त्यातून दिसतं. बहुतेक सुजलेले हात कॅज्युअल्टीतून आलेले निघाले, तर वॉर्डातल्या सिस्टरांना शिकवून काय होणार?

मग एक बदल निवडा, फार तर दोन. माझ्या मते पहिला बदल असा असावा : लावल्याची तारीख-वेळ ड्रेसिंगवर लिहायची आणि सकाळच्या ओव्हरमध्ये (शिफ्ट बदलताना रुग्ण सोपवताना) प्रत्येक खाटेपाशी विचारायचं, 'याची आज गरज आहे का?' सलाईन बंद होऊन गोळ्या सुरू झाल्यावरही इंट्राकॅथ तसाच राहिलेला पुष्कळदा आढळतो. तो काढायला एक पैसाही लागत नाही. पण 'दर तीन दिवसांनी बदला' असा सरसकट नियम घालू नका. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०११ च्या सूचनांनुसार प्रौढांमध्ये ७२ ते ९६ तासांच्या आत तो नेमाने बदलण्याची गरज नाही.

बदल पूर्ण वॉर्डात एकदम लावू नका. पीडीएसए चक्राप्रमाणे (ठरवा, करा, तपासा, सुधारा) आधी एक सिस्टर, एक शिफ्ट, चार खाटा. काय अडलं ते त्याच दिवशी विचारा. मार्कर सापडत नाही, कापडी चिकटपट्टीखाली जागा दिसत नाही, अशा बारीक गोष्टींवर काम अडतं. त्या सुटल्यावर पुढची शिफ्ट घ्या.

दर तीन दिवसांच्या टक्केवारीचा एक बिंदू काढून रन चार्ट, म्हणजे काळानुसार बदल दाखवणारा आलेख, बनवा. ३० दिवसांत दहा बिंदू मिळतात, त्यांची मध्यिका (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) आडव्या रेषेने आखा. नंतरचे सलग सहा किंवा अधिक बिंदू रेषेखाली गेले, तर तो योगायोग मानत नाहीत. तीन दिवसांत दहापेक्षा कमी इंट्राकॅथ लागत असतील तर टक्केवारी उगाच वरखाली उड्या मारेल; तेव्हा आठवड्याचा एक बिंदू घ्या आणि पहिला टप्पा दहा आठवड्यांचा करा. सुधारणेसाठी दोन महिने ठेवा. शेवटचा महिना तुम्ही आठवण करून देणं थांबवा, फक्त मोजा. हा महिना बहुतेक जण गाळतात, पण तुम्ही गेल्यावर काय टिकेल ते त्याच महिन्यात कळतं.

दोन धोके आधीच सांगते. तुम्ही फक्त सकाळी वॉर्डात असाल तर नाईटचे आकडे येणार नाहीत, म्हणून आठवड्यातून एक-दोन रात्री ठेवाच. आणि सिस्टरांना ही तपासणी वाटली तर नोंदी लपतील. तक्त्यात कुणाचंही नाव नको, आणि हे इन्चार्ज सिस्टर व मेट्रन यांच्याशी पहिल्याच भेटीत ठरवा.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेतल्या गुणवत्ता-तपासणीला एथिक्स कमिटीच्या पूर्ण परीक्षणातून सूट मिळू शकते. पण सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. डेझर्टेशनसाठी तिचं पत्र हातात आल्याशिवाय पहिला आकडाही लिहू नका.

नोकरीचं म्हणाल, तर एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन) असलेल्या रुग्णालयांना इन्फेक्शन कंट्रोल नर्स नेमावी लागते, आणि सरकारी रुग्णालयांत एनक्यूएएस (राष्ट्रीय गुणवत्ता मानकं) व कायाकल्प (स्वच्छता व संसर्ग-नियंत्रणाची योजना) यांमुळे गुणवत्तेचं काम वाढलं आहे. मुलाखतीला एका पानावर रन चार्ट न्या आणि कोणता बिंदू का चढला हे सांगायची तयारी ठेवा. अमेरिकेत डीएनपी (नर्सिंगमधली प्रत्यक्ष कामावर आधारित डॉक्टरेट) करायचा विचार असेल, तर तिथेही पदवीसाठी असाच सुधारणा-प्रकल्प करतात.

गाइड कदाचित म्हणतील, 'यात कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठीचा, बदल न केलेला गट) कुठे आहे?' सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) रचनेचं नाव 'टाइम सिरीज डिझाइन' असं लिहा; त्यात त्याच वॉर्डाची बदलाआधीची आणि नंतरची मोजणी ताडून पाहतात, ही मान्य रचना आहे. सिनॉप्सिस देण्याआधीच संख्याशास्त्रज्ञांना रन चार्टचा कोरा नमुना दाखवून बिंदूंची संख्या पक्की करून घ्या.