डेल्टा ट्रान्सफॉर्मरवर सिंगल फेज लोड किती टाकायचा?

प्रश्न: सर, अंबडला छोटं वर्कशॉप आहे. सेकंडहँड जपानी सीएनसी घेतली, तिच्यासाठी 415/200 व्होल्टचा डेल्टा-डेल्टा 30 केव्हीए ट्रान्सफॉर्मर बसवलाय, मशीन जास्तीत जास्त 15 केव्हीए खाते. आता त्यावरच 12 किलोवॅटचा 200 व्होल्ट सिंगल फेज ओव्हन लावायचाय. वायरमन म्हणतो 10 केव्हीएच्या वर जाऊ नका, मित्र म्हणतो 15 रिकामे आहेत की, लाव बिनधास्त. कोणाचं ऐकू?

उत्तर: मित्राचं तर अजिबात नको. वायरमनचा एक तृतीयांशचा हिशोब बाहेरच्या डीपीचा, तिथे सेकंडरी (आउटपुटची बाजू) स्टार असते, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक न्यूट्रलला जोडलेलं, आणि फेज-न्यूट्रलचा लोड सगळा एकाच वाइंडिंगवर बसतो. डेल्टात तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेल्या असतात, तिथे दोन लाइनमध्ये लोड लावला की त्याच दोन लाइनमधली वाइंडिंग दोन तृतीयांश करंट देते आणि बाकीच्या दोन सिरीजमध्ये मिळून उरलेला एक तृतीयांश, अर्थात तिन्हींचा इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) सारखा असेल तर. तुमची वाइंडिंग 50 अँपिअरची, म्हणजे सिंगल फेज 75 अँपिअर, 200 व्होल्टला 15 केव्हीए. रेटिंगच्या बरोबर निम्मं.

पण हे ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना! मशीन फुल चालू असेल तर प्रत्येक वाइंडिंगमध्ये 25 अँपिअर आधीच आहेत, ओव्हनच्या 60 चे दोन तृतीयांश म्हणजे 40, पॉवर फॅक्टर सारखा धरला तर झाले 65. 50 च्या वाइंडिंगवर 65, आणि वर पत्र्याची शेड, नाशिकचा एप्रिल-मे, काय होणार ते सांगायला नको. आणि गंमत बघा, त्यावेळी लाइनमध्ये साधारण 100 अँपिअर दिसणार, 100 ची एमसीसीबी (मोठा ब्रेकर) लावली असेल तर ती ढिम्म हलणार नाही. मशीन नसून नुसता याहून मोठा सिंगल फेज लोड असता तरी हाच घोळ, लाइनचं रेटिंग 86.6, टाँग टेस्टरवर (वायरभोवती धरून करंट मोजायचा मीटर) 80 दिसले की आपण म्हणतो ठीक आहे, आत वाइंडिंग 53 वर गेलेली असते.

ओव्हनचं मागचं कव्हर काढून बघा. आत 200 व्होल्टचे सुटे हीटर पॅरलल असतील तर 4-4 किलोवॅटचे तीन गट करून डेल्टात लावा, कंट्रोलचा कॉन्टॅक्टरही (विजेने चालू-बंद होणारा स्विच) मग थ्री फेज घ्यावा लागेल. 15 आणि 12 मिळून 27, बसतंय. एकच एलिमेंट असेल तर मशीन बंद असतानाच ओव्हन चालेल असा इंटरलॉक टाका, आणि तो कॉन्टॅक्टरनेच करा, 'पोरांना सांगून ठेवलंय' हा इंटरलॉक नाही.