सहा मिनिटांचं आठ करू नको

प्रिय बाबू,

दंडारीचा, आपल्या विदर्भातल्या लोकनाट्याचा, तुझा व्हिडिओ पाहिला. सांगण्यासारखं सगळं सहा मिनिटांत संपलंय. पुढची दोन मिनिटं ड्रोन आणि ‘शेवटपर्यंत बघा’. आठचा हट्ट कुठला, ते कळतं. यूट्यूबवर आठ मिनिटं भरली की मध्ये जाहिराती टाकता येतात. २०२० पर्यंत ही अट दहाची होती, तेव्हा सगळे दहापर्यंत ताणायचे.

पूर्वी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर गायचं तर स्वरचाचणी द्यावी लागे. ती चाळणी दरवेळी न्यायाचीच होती असं नाही, पण चुकलेला सूर तिथं पकडला जायचा. आता चाळणी नाही, म्हणून ते काम तुझ्याच गळ्यात. एडिट झालं की एक रात्र जाऊ दे. सकाळी प्रत्येक शॉटसमोर कागदावर लिही, यातून नवं काय कळलं? काहीच नाही, तर काप.

आधी आवाज सुधार. मोबाइल भोंग्यासमोर ठेवलास, आवाज फाटला. आणि फाटलेला आवाज कुठलंच ॲप पुरता शिवून देत नाही. साउंडवाल्याला विनंती करून मिक्सरमधून ऑक्स लाइन, म्हणजे आवाजाची वेगळी तार, घे, वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. रेकॉर्डर ‘माइक’वर राहिला तर पुन्हा फाटेल, ‘लाइन’वर कर. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या वर जायला नको. मात्र लाइनमध्ये फक्त माइकवाले येतात. ढोलकी, मागून झील धरणारे साथीदार, लोकांचा हशा येत नाही. त्यासाठी मोबाइल दहा-पंधरा फुटांवर, भोंग्यापासून बाजूला ठेव. सुरुवातीला एक टाळी वाजव, दोन्ही आवाज जुळवायला तीच कामी येते.

चित्रात पट्टे सरकतात ते मंचावरच्या दिव्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आणि ऑटो बंद.

थंबनेलवर भांडण दाखवलंस, आत भांडण नाही. क्लिक मिळाले, पण यूट्यूब स्टुडिओत किती लोक बघत राहिले त्याचा आलेख पहिल्या ३० सेकंदांतच कोसळलेला दिसेल. लोक दंडारीला कंटाळले नाहीत, फसले म्हणून उठले.

ढोलकीखाली सिनेमाची धून नको. एक तर ढोलकी मरते, वर हक्काचा दावा आला की कमाई मालकाकडे जाते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे मालकाने अटींवर वापरायला मोकळं केलेलं, संगीत घेशील तर परवान्यावरची अक्षरं वाच. ‘बीवाय’ म्हणजे नाव द्यायचं. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही, ते कमाईच्या चॅनेलला चालत नाही. ‘एनडी’ म्हणजे बदल नको, ते तर व्हिडिओखाली टाकताच येत नाही, कारण चित्राला संगीत जोडणं हाही बदलच. आणि दंडार करणाऱ्या मंडळाची परवानगी लेखी घे, पैशाचा वाटा त्यातच ठरव. गाव ओळखीचं असलं तरी.

पिकांचं टॉनिक-बियाणं विकणारे जाहिरात घेऊन येतीलच. दंडारीतल्या पात्राच्या तोंडी औषधाचं नाव घाला म्हणतील. तिथं साफ नाही म्हण. जाहिरात सुरुवातीला, ३० सेकंद, तुझ्या स्वतःच्या आवाजात, ‘ही जाहिरात आहे’ असं सांगून. अपलोड करताना सशुल्क प्रमोशनची खूणही कर. तयार व्हिडिओ त्यांच्या मंजुरीला जाणार नाही, हे पैसे घेण्याआधी लिहून घे. नंतर कोणी ऐकत नाही.

दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतील. केबल आत्ताच बघून ठेव: मिक्सरकडे बहुधा पाव इंची जॅक, रेकॉर्डरकडे साडेतीन मिलिमीटरचा. तालुक्याला नाही मिळाली तर कोणी नागपूरला जात असेल त्याच्याकडून सीताबर्डीतून मागव. दोन मागव, एक ऐन वेळी तुटतेच.

तुझा,
काका