सात टाके

प्रिय लेकरा,

तुझा मेसेज आला तेव्हा नाइट ड्युटीला होते. लगेच उत्तर दिलं असतं तर रागाच्या भरात काहीतरी वेडंवाकडं गेलं असतं, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहिते.

टांझानियात, आरूशाजवळच्या दवाखान्यात तीन आठवडे ‘सेवा’, मग पाच दिवस सेरेंगेटी आणि गोरोंगोरोची जंगलसफारी, सगळं एकाच पॅकेजात. वडील सोयाबीनचे पैसे द्यायला तयार, आई गल्लीभर सांगून मोकळी, आणि तू विचारतेस, ‘मॅडम, मन घट्ट होईना, काय करू?’ माहितीपत्रकातली एक ओळ मात्र तू मोठ्या उत्साहानं पाठवलीस: प्रसूतीला प्रत्यक्ष हात लावता येईल, टाके घालायला मिळतील.

मी त्या ओळीपाशीच अडकले. तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. इथं लातूरला लेबर रूममध्ये सिस्टर तुला एकटीला टाका घालू देते का? नाही ना? मग तिथंही घालायचा नाही. इथं जे करू देत नाहीत ते तिथं करायचं नाही. पत्रभर मी हेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

30 सप्टेंबर 1993. मी तुझ्याएवढीच, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं किल्लारी खाली बसली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाचं ओझं, त्याखाली माणसं. आम्हा मुलींना ट्रकमधून नेलं. एका डॉक्टरांनी सुई-धागा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, घाल, शिकशील. समोर एक गडी, पोटरी चेंगरलेली, जखमेत माती. मी सात टाके घातले. आकडा लक्षात आहे, कारण मला अभिमान वाटला होता. आमच्या बॅचमध्ये टाके घालणारी मी पहिली. रात्री मैत्रिणींना सांगितलंसुद्धा.

अशी मळलेली, चेंगरलेली जखम लगेच शिवून बंद करायची नसते. धुवायची, मेलेलं मांस काढायचं, उघडी ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघायची. हे मला वर्गात शिकवलं पुढच्या वर्षी. बाकावर बसल्या जागी माझे हातपाय गार पडले. आत कोंडलेला पू कुठवर गेला असेल, पाय राहिला की गेला, मला माहीत नाही. विचारायला मी कधी गेलेच नाही. त्या रस्त्यानं एसटीनं कितीदा गेले, उतरले नाही.

तेव्हा डॉक्टर कमी होते, जखमी मोजता येत नव्हते, कुणीतरी करायलाच हवं होतं, असं मी तीस वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटंही नाही. भूकंपात नियम मोडतात. पण आरूशात भूकंप झालेला नाही, बाई.

तिथं त्यांचं स्वतःचं नर्सिंग कौन्सिल आहे, आपलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आहे तसं. टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. पॅकेजवाल्यांनी यातलं काही सांगितलं का? आणि पेशंट स्वाहिलीत बोलणार. बाई ‘माउमिवू’ म्हणून कण्हली तर ती दुखतंय म्हणते, हे तुला कोण सांगणार? आपल्या वॉर्डात लमाणी बोलणारी म्हातारी आली की आपली किती धांदल उडते ते आठव.

परक्या बाईच्या देहावर आपला हात बसवून घ्यायचा आणि त्याला सेवा म्हणायचं, हे मराठवाड्यातल्या पोरीला तरी पटू नये. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भाशयांवरून विधिमंडळ गाजलं होतं. आपल्या बायकांच्या अंगावर कोणी कसं काम केलं, हे आपण जवळून बघितलंय.

दुसरा पर्याय म्हणून दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या छाव्यांना बाटलीनं दूध पाजायचं, असंही तू लिहिलंस. त्यावर जास्त लिहीत नाही. छावे आईपासून तोडून आणलेले असतात, आणि मोठे झाले की त्यातले कित्येक कुंपणात शिकाऱ्यांपुढं सोडले जातात. हा धंदा बंद करायचं तिथल्या सरकारनं 2021 मध्ये जाहीर केलं. पुढचं पान उलट.

आता तू शेवटी, चोरट्यासारखं लिहिलेलं वाक्य: ‘खरं तर मला सिंह बघायचाय, पण नुसतं तेवढ्यासाठी एवढे पैसे मागायची लाज वाटते.’ अगं, मग हेच आधी म्हणायचं! सिंह बघायची हौस म्हणजे काय पाप आहे? आपल्याकडं बाईनं पैसे खर्चायचे तर देवाच्या, लेकराच्या नाहीतर सेवेच्या नावानं. नुसत्या हौसेला कुणी दार उघडत नाही. म्हणून तू हौसेला नर्सचा पांढरा ड्रेस घालून पाठवतेस. सफारी हा स्वाहिली शब्द मुळात आपल्याच ‘सफर’चा अरबी भाऊ. सफर करायची तर सफर म्हणून कर.

मी गेले होते. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, स्वतःच्या पैशानं. भाऊ म्हणाला, एवढ्यात चार वेळा काशी झाली असती. झाली असती. मला काशी नको होती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या रक्तामांसात हात घातलेत, आता नुसतं बघायचं होतं. यात कुणाला स्वार्थ दिसला तर दिसू दे.

सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या माळावर, विल्डबीस्ट, म्हणजे तिथली कळपानं फिरणारी मोठी हरणं, त्या दिवसांत व्यायला येतात. काही आठवड्यांत लाखो वासरं. आमच्या गाडीपासून जरा लांब एक मादी खाली बसली, उठली, पुन्हा बसली. पाय दिसले, मग वासरू पडलं, ओलं, काळपट. काही मिनिटांत लटपटत उभं राहिलं. कडेला तरस बसलेलाच होता. माझे हात शिवशिवत होते, तीस वर्षांची सवय. पण गाडीतून उतरायची परवानगी नाही. गाइडनं इंजिन बंद केलं आणि बोट ओठांवर ठेवलं. गाडीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि त्याच देशात, तासाभराच्या विमानाच्या अंतरावर, बाळंत होणाऱ्या बाईच्या पायाशी उभं राहायला तुला पैसे भरून जागा मिळते. मादीपासून लांब राहायचं, बाईपाशी मात्र हात धुऊन तयार. हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

कोर्स पूर्ण कर. नोंदणी कर. चार-पाच वर्षं वॉर्डात काढ, मग रीतसर परवानगी काढून, तिथल्या सिस्टरच्या हाताखाली, सहा महिने जायचं असेल तर मी स्वतः शिफारसपत्र लिहीन. तोवर इथं जे करू देत नाहीत ते तिथं नाही.

वडिलांना खरं सांग. सफरीचे पाच दिवस आणि जाण्यायेण्याचे चार, एवढ्याचेच पैसे माग. नाही म्हणाले तर साठव. यलो फीव्हरची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घे. ती फक्त मान्यताप्राप्त केंद्रावर मिळते, आणि तुझ्या मार्गाला दाखला लागत असेल आणि तो नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. निळे आणि काळे कपडे नेऊ नकोस, तिथली चावरी त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगला बंदी आहे, तेव्हा आईच्या धपाट्यांना फडकं घे.

माझी दुर्बीण घेऊन जा. डाव्या भिंगाला वर चरा आहे, पण दिसतं चांगलं. रविवारी दुपारी घरी असते, घंटी बिघडलीये, हाक मार.

तुझी मॅडम