थायलंडमध्ये तीन आठवड्यांत स्वयंपाक, भाषा आणि मसाज हे तिन्ही शिकता येईल का? आधी काय शिकावं?

तुम्ही विचारलंय की तीन आठवडे हाताशी आहेत, तुम्ही शाकाहारी आहात, थाई येत नाही, आणि स्वयंपाक, भाषा, मसाज या तिन्हींचे छोटे कोर्स करायचे आहेत. ते जमेल का आणि कोणत्या क्रमाने करावेत?

जमेल. माझ्या मते क्रम असा ठेवा: आधी भाषा, मग स्वयंपाक, शेवटी मसाज. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. पहिल्या दिवशी मसाजला नाव घालतात आणि भाषेचा विचार परतीच्या विमानात करतात. भाषेचे दहा तास आधी झालेले असले तर बाजारात भाजीवालीचं बोलणं थोडंफार कळतं आणि मसाजच्या वर्गात 'श्वास घे', 'पालथी झोप' या सूचनांसाठी दुभाषा लागत नाही. मसाज शेवटी ठेवायचं कारण शारीरिक आहे. पाच दिवस रोज सहा तास अंगठे वापरल्यावर त्याच हातांनी दगडी खलात वाटण कुटवत नाही. दोन्ही एका दिवशी तर मुळीच करू नका. मिरच्या हाताळलेल्या बोटांचा तिखटपणा साबणाने लगेच जात नाही आणि दुपारी तीच बोटं समोरच्याच्या कपाळावर, डोळ्यांजवळ जाणार असतात.

शहर एकच निवडा. माझी पसंती चिआंग माइला आहे, कारण तिथे तिन्ही गोष्टींच्या शाळा चालत जाता येईल इतक्या अंतरात आहेत. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने ते बारा-तेरा तासांवर आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत डोंगरात आणि शेतांत जाळपोळ चालते, हवा धुराने भरते आणि मार्च सर्वांत वाईट. 13 ते 15 एप्रिल सोंगक्रानची (थाई नववर्षाची) सुट्टी, तेव्हा बहुतेक शाळा बंद असतात.

आता भाषा. मराठी माणसाला थाई शिकताना जो फायदा आहे तो इंग्रजी बोलणाऱ्याला नाही, आणि तो पहिल्याच तासाला वापरायला हवा. क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतला फरक थाईत अर्थ बदलतो आणि आपल्या कानाला तो जन्मापासून ऐकू येतो. थाई वर्णमालाही क-ख-ङ, च-छ अशीच चालते. शिवाय शेकडो शब्द संस्कृत-पालीतून गेलेले आहेत, फक्त उच्चाराचा नियम माहीत हवा. आपले ग, ज, द, ब तिथे ख, छ, थ, फ होतात, आणि शब्दाच्या शेवटचा र किंवा ल 'न' होतो, तर स, श, ष यांचा 'त' होतो. त्यामुळे नगर म्हणजे 'नखोन', गुरू म्हणजे 'ख्रू', भाषा 'फासा', प्रदेश 'प्रथेत' (अर्थ मात्र देश), आहार 'आहान', जीवित 'छीवित'. 'माफ करा' म्हणताना 'खो थोत' म्हणतात, त्यातला 'थोत' हा आपला दोष. बँकॉकच्या वत फो मंदिरातला 'फो' म्हणजे बोधी. हा नियम एकदा बसला की दुकानांच्या पाट्यांवरचे शब्दही ओळखीचे वाटू लागतात.

अडतं कुठे, तर चार ठिकाणी. पहिलं म्हणजे फ. आपण सवयीने 'फळ' आणि 'फॅन' दोन्हींत ओठ-दातांचा फ काढतो. थाईत हे दोन वेगळे वर्ण आहेत. 'फत' (परतणे) म्हणताना दोन्ही ओठ मिटून प + ह असा उच्चार करा. दुसरं, शब्दाच्या सुरुवातीचा ङ. 'रंग' शब्द लांबवून त्याच्या शेवटी जो आवाज येतो तोच सुरुवातीला आणायचा: 'ङान' म्हणजे काम, 'ङू' म्हणजे साप. तिसरा, मराठीत नसलेला एक स्वर: 'ऊ' म्हणा, पण ओठांचा चंबू न करता ते हसताना ताणतात तसे ताणा. 'एक' या आकड्याच्या थाई शब्दातच तो आहे, म्हणून पहिल्या दिवशीच गाठ पडते.

चौथं आणि खरं अवघड म्हणजे सूर. मधला, खालचा, उतरता, वरचा आणि चढता असे पाच सूर आहेत. 'क्लाइ' सपाट म्हटलं तर लांब, उतरतं म्हटलं तर जवळ. स्टेशन कुठे आहे विचारताना हे किती महत्त्वाचं आहे ते लक्षात येईल. मराठीत प्रश्न विचारताना आपण वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो. थाईत तसं केलं की शेवटच्या शब्दाचा सूरच बदलतो. तिथे प्रश्नासाठी वेगळा शब्द जोडतात. 'फेत माइ' (चढता माइ) म्हणजे तिखट आहे का? आणि 'माइ फेत' (उतरता माइ) म्हणजे तिखट नाही. या जोडीचा शिक्षकासमोर वीस वेळा सराव करा आणि त्याने चुका दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. सूर ॲपवर शिकता येत नाहीत असं नाही, पण चुकीचा सूर पक्का होतो आणि ॲप टोकत नाही. म्हणूनच पैसे एकट्याच्या शिकवणीवर घाला, वीस जणांच्या वर्गावर नको. रोज दोन तास, पाच दिवस, एवढं पुरतं. त्यातले पहिले तीन तास फक्त उच्चार आणि सूर.

व्याकरण हलकं आहे. क्रियापदाला लिंग-वचन-काळाचे प्रत्यय नाहीत. अदबीसाठी वाक्याच्या शेवटी पुरुष 'ख्रप' आणि बाई 'ख' म्हणते. हे बोलणाऱ्यावरून ठरतं, समोरच्यावरून नाही. मोजताना वस्तू, आकडा, मग नग असा क्रम: 'फत थाइ सोंग चान', म्हणजे फत थाई, दोन, बशी. आपण हॉटेलात 'मिसळ दोन प्लेट' म्हणतो अगदी तसंच. दहा तासांत लिपी शिकायला जाऊ नका. 44 व्यंजनं आहेत, त्यांचे तीन वर्ग आहेत आणि वर्गावर सूर ठरतो. ते दोन महिन्यांचं काम आहे.

शाकाहारी म्हणून दोन शब्द पाठ करा. 'मांगसविरत' हा आपला मांसविरती. हा माणूस अंडी-दूध खातो असं तिथे समजतात. 'किन चे' म्हणजे पूर्ण वनस्पतीजन्य आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली दुकानं या पद्धतीची. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ताटात मत्स्यरस (आंबवलेल्या माशांचा खारट रस) येतोच, कारण तो तिथे मिठाच्या जागी वापरतात. म्हणून 'माइ साइ नम प्ला' (मत्स्यरस घालू नका) आणि 'माइ साइ कपि' (कोळंबीचं खारवलेलं वाटण घालू नका) ही दोन वाक्यं स्पष्ट सुरात यायला हवीत.

स्वयंपाकाच्या वर्गातही हाच धोका आहे. जाहिरातीत 'शाकाहारी चालेल' लिहिलेलं असतं, पण करीचं वाटण तयार डब्यातलं असेल तर त्यात कपि आधीच असते. त्यामुळे नाव नोंदवण्याआधी एकच प्रश्न विचारा: वाटण आम्ही स्वतः खलात कुटणार का? उत्तर 'नाही' आलं तर तो वर्ग सोडा. चिआंग माइमध्ये दिवसभराच्या वर्गाला साधारण 1000 ते 1500 बाट पडतात, त्यात बाजारफेरी आणि पाच-सहा पदार्थ येतात. असे दोन दिवस पुरे, मधे एक दिवस मोकळा ठेवून. लागोपाठ केलेत तर दुसऱ्या दिवशीची चव कळेनाशी होते.

वाटणावर लक्ष द्या, बाकीचं घरी पुस्तकातूनही जमतं. हिरव्या करीसाठी चार माणसांना हे प्रमाण धरा: भाजलेले धणे एक मोठा चमचा, भाजलेलं जिरं आणि पांढरी मिरी मिळून एक छोटा चमचा, मीठ एक छोटा चमचा, गवती चहाचे दोन दांडे, गलंगलाचे (आल्यासारख्या कंदाचे) बारीक तुकडे एक मोठा चमचा, मकरूत या खडबडीत सालीच्या लिंबाची किसलेली साल एक छोटा चमचा, कोथिंबिरीची चार-पाच मुळं, 15 तिखट हिरव्या मिरच्या, चार छोटे कांदे, सहा लसूण पाकळ्या. आपण गवती चहाची पात चहात टाकतो आणि बुडखा फेकतो. इथे खालचा पांढरा दहा सेंटीमीटरचाच भाग लागतो. कोथिंबिरीची मुळंही आपल्याकडे कचऱ्यात जातात, तिथे ती वाटणाचा कणा आहेत.

कुटायचं दगडी खलात, आणि कोरडं-कडक आधी, ओलं शेवटी. प्रथम मसाले पूड होईपर्यंत, मग मीठ आणि गवती चहा-गलंगल. मीठ इथे चवीइतकंच खरखरीसाठी आहे, तंतू त्यानेच फाटतात. मग साल, मुळं, मिरच्या, आणि अगदी शेवटी कांदा-लसूण. कांदा आधी घातलात तर खल निसरडा होतो, बत्ता घसरतो, रस डोळ्यात उडतो आणि गवती चहाचे तंतू तसेच राहतात. एकूण 15-20 मिनिटं लागतात. शाकाहारी असाल तर कपिऐवजी आंबवलेल्या सोयाबीनचं 'ताओ चिआओ' एक छोटा चमचा घाला. सोम तामचा (कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा) खल मात्र वेगळा, मातीचा आणि लाकडी बत्त्याचा. त्यात पपई ठेचायची असते, वाटायची नसते.

पुढची पायरी आपल्या हाताला उलटी वाटेल. सोलकढीत नारळाचं दूध फाटलं की बिघडलं. इथे ते फाटायलाच हवं. कढईत एक वाटी जाड दूध मध्यम आचेवर ठेवा, पाच-आठ मिनिटांत पाणी आटून कडेने तेल सुटेल. याला थाईत 'तॅक मन' म्हणतात. त्या तेलात तीन-चार चमचे वाटण परतायचं, नाकात झणका गेला की पातळ दूध आणि भाज्या. डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून पदार्थ मिसळलेले असतात, त्यामुळे तेल सुटत नाही आणि करी कच्ची लागते. अशा वेळी एक चमचा साधं तेल आधी घाला. घरी मिक्सर वापरणार असाल तर पाणी घालू नका, नारळाचं जाड दूधच दोन चमचे घाला, नाहीतर वाटण परतलं न जाता उकडतं.

'फत कफ्राव'मध्ये पडणारी कफ्राव म्हणजे आपली तुळस. करीत पडणारी होरफा वेगळी, तिला बडीशेपेसारखा वास. दोन्ही अदलाबदल करू नका.

मसाज. वत फोमध्ये तिसरा राम या थाई राजाच्या काळात दगडांवर कोरलेले वैद्यकीय लेख आणि ताण देणाऱ्या ऋषींच्या मूर्ती आहेत. 2019 मध्ये युनेस्कोने थाई मसाज अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. पुष्कळ शाळांत दिवसाची सुरुवात पालीतल्या वंदनेने होते, ती बुद्धांचा वैद्य जीवक याला उद्देशून असते. थाई मसाजमध्ये शरीरात ऊर्जेच्या वाटा मानतात, त्या दहा 'सेन' रेषांपैकी पहिल्या तिघी इत्था, पिंगखला, सुमना, म्हणजे आपल्या इडा, पिंगला, सुषुम्ना. नाव ओळखीचं असलं तरी त्या रेषा शरीरात शोधू नका. स्नायू कुठे संपतो आणि हाड कुठे लागतं ते शोधा.

30 तासांचा, पाच दिवसांचा कोर्स घ्या. दोन तासांच्या ओळखवर्गात हात बसत नाही. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचा सांधा दुखू लागतो आणि बहुतेक विद्यार्थी ताकद कमी पडते म्हणून आणखी दाबतात. चूक ताकदीची नसते. अंगठा वाकलेला असतो आणि कोपरही. अंगठ्याचा गुबगुबीत भाग टेकवा, टोक नको. कोपर सरळ ठेवा आणि कंबरेतून पुढे झुका, म्हणजे वजन आपोआप उतरतं. दाब हळूहळू वाढवा, तीन सेकंद थांबा, तितक्याच हळू सोडा. जागा बदलताना हात उचलायच्या आधी वजन मागे घ्या. समोरच्याला 'चेप माइ?' (दुखतंय का?) विचारत राहा, आणि 'बाओ बाओ' ऐकू आलं की हलका करा. जोडीदार रोज बदलून मागा. पन्नास किलोच्या माणसावर बसलेला हात ऐंशी किलोच्या पायापुढे पुरत नाही. नखं पूर्ण कापून जा, ढगळ विजार घाला, सकाळी पोटभर खाऊ नका, कारण निम्मा वेळ तुम्हीही गादीवर पालथे असणार.

मणक्यावर थेट दाब कधीच नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना. ताप, मोडलेलं हाड, ठिसूळ हाडं, पायात रक्ताची गाठ असल्याचा संशय, गरोदरपण, यांत शिकाऊ माणसाने हात लावू नये. जांघेतली रक्तवाहिनी तळव्याने दाबून सोडण्याची एक क्रिया शिकवतात. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यावर ती अजिबात करू नका, आणि तुम्हाला स्वतःला त्रास असेल तर पहिल्या दिवशीच शिक्षकाला सांगा. कोर्सचं प्रमाणपत्र मिळालं तरी थायलंडमध्ये परदेशी माणसाला थाई मसाजचा व्यवसाय करता येत नाही.

येण्याआधी व्हिसाचे नियम मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडून तपासा, ते बदलत असतात. 1 मे 2025 पासून आगमनाचा डिजिटल फॉर्म भरणं सक्तीचं आहे. परतताना मकरूतची रोपं किंवा गलंगलाचे ताजे कंद बॅगेत घालू नका, वनस्पती-विलगीकरणाच्या परवान्याशिवाय ते आणता येत नाहीत. मसाजचा क्रम मात्र विमानात बसण्याआधी कागदावर उतरवा, पावलांपासून मानेपर्यंत, प्रत्येक जागेला किती वेळा ते लिहून. पहिल्या दोन आठवड्यांत घरातल्या तीन वेगवेगळ्या निरोगी माणसांवर पूर्ण क्रम केलात तर तो बसतो. महिनाभर थांबलात तर पाय लक्षात राहतात आणि पाठ विसरते.